एक कमी असताना

बेळगावात हॉकी कॅम्पातून गावात आली, असं आमच्याकडे म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून इथे आहे, आणि जवानांचा खेळ कडेला उभं राहून बघणाऱ्या पोरांची आमच्या गावात कधी वाण नव्हती. 1964 साली टोकियोत पाकिस्तानला 1-0 हरवून ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात बेळगावचे बंडू पाटील होते. त्याच संघाचा गोल राखणारे शंकर लक्ष्मण मूळचे महूचे, पण मराठा लाइट इन्फंट्रीचे. ही नावं कानावर पडत पडतच आम्ही स्टिक हातात धरली. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या हौशी संघातून मी सेंटर हाफला खेळलो. कर्णधाराची पट्टी बरीच वर्षं माझ्या दंडावर होती. आता पोरापोरींना शिकवतो. अकरा जण हाताशी असताना कर्णधार म्हणून मी काय शिकलो, हे विचारलं तर पटकन सांगता येणार नाही. दहा असताना काय शिकलो, ते मात्र सांगता येतं.

1. संघ कमी पडायला कार्डच लागतं असं नाही. आमच्या भागात ते फार लवकर कळतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळी लांबली की आमचा राईट इन यायचा नाही. तंबाखूच्या सुगीत निपाणीकडची दोन पोरं शेतातून सुटायची नाहीत. फौजेतल्याची रजा ऐन वेळी रद्द व्हायची. अशा वेळी सुरुवातच नऊ-दहा जणांनी करायची, आणि ते कुणाला फारसं लागायचंही नाही. पंचांनी कार्ड दाखवून एकाला बाहेर काढलं की मात्र तेच दहा जण वेगळे व्हायचे. ग्रीन कार्डाला दोन मिनिटं, यलोला किमान पाच, रेडला उरलेला सगळा सामना. संख्या तीच, पण आता तिच्यासोबत राग आलेला असतो. या फरकाचं मला फार नवल वाटायचं. एक माणूस कमी असल्याची भरपाई करता येते. राग मात्र दोन-तीन माणसं आणखी खाऊन टाकतो, आणि ती मैदानावर उभी असूनही नसल्यासारखी होतात. म्हणून कार्डानंतरची पहिली काही क्षणांची मोकळीक मी डावपेचांत घालवत नसे. जवळच्या दोघांच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणायचं : "झालं ते झालं. आता आपण किती आहोत ते बघू."

2. पहिला निर्णय काय सोडायचं याचा असतो. हॉकीचं मैदान 91.40 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. गोलकीपर धरला नाही तर दहा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 500 चौरस मीटर जागा येते. नऊ जणांत ती साडेपाचशेच्या वर जाते. हा जास्तीचा तुकडा प्रत्येकानं धावून भरून काढायचा ठरवला, तर शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलत नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याकडे खर्चाच्या बाबतीत सांगतात; मला त्याचा अर्थ मैदानावर कळला. हॉकीत एक दयाळू नियम आहे. चेंडूला हल्ला करणाऱ्याची स्टिक डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, आत लागल्याशिवाय गोल होत नाही, आणि डीची रेषा गोलपासून 14.63 मीटरवर असते. म्हणजे डीच्या बाहेरून कुणी कितीही जोरात मारलं तरी ते नुसतं मारणंच. एवढं लक्षात आलं की काय सोडायचं ते आपोआप सुचतं. दोन्ही बाजूंच्या कडा सोडा, त्यांच्या अर्ध्यातली जागा सोडा, मधली वाट मात्र दाटीनं धरा. समोरचा संघ कडेनं पुढे सरकतो, प्रेक्षक आरडाओरडा करतात, आपला राईट हाफ धावत सुटू बघतो. त्याला थांबवणं हे कर्णधाराचं काम. आपण होऊन दिलेली जागा आणि हिसकावून घेतली गेलेली जागा बाहेरून सारखीच दिसतात. आतून त्यांत फार अंतर असतं.

3. जे सोडलंय ते मोठ्यानं सांगावं लागतं. माझ्या डोक्यात ठरलेलं नऊ जणांच्या डोक्यात असतंच असं नाही, आणि गोंधळात ते तर मुळीच नसतं. आमच्या संघात मराठी, कन्नड, उर्दू सगळी पोरं होती. एरवी सगळे सगळं समजायचे. दमछाक झाली की मात्र माणसाला घरच्या भाषेतली हाक आधी ऐकू येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. लेफ्ट बॅकला "हिंदे बा" म्हटलं की तो पाय वळवायचा. "मागं ये" म्हटलं तर क्षणभर विचार करायचा. मग मी ज्याला त्याला त्याच्या भाषेत हाका मारायला लागलो. हाक दोन शब्दांपेक्षा लांब नको आणि तिच्याआधी नाव हवं, एवढंच पाळायचं. सीमाभागात भाषेवरून काय काय घडतं ते आम्ही सगळे जाणतो. पण एक गडी कमी असताना कुठली भाषा वापरायची हा प्रश्न आमच्या मैदानावर कधी आला नाही. जी लवकर पोचते ती. कर्णधार म्हणून माझ्या वाट्याला आलेलं हे सर्वांत मोठं सुख होतं, असं आता वाटतं.

4. चेंडू काढून न घेणं हेही कौशल्य आहे. अकरा असताना टॅकल चुकला तर मागे कुणीतरी असतो. दहा असताना मागे असतो तो गोलकीपर. त्यामुळे अंगावर येणाऱ्याला झोकून देऊन अडवणं शूर दिसलं तरी परवडत नाही. मला एका जुन्या फौजी खेळाडूनं हे शिकवलं. मागे मागे सरकत राहायचं, स्टिक जमिनीलगत ठेवायची, अधूनमधून जॅब, म्हणजे स्टिकचा झटका, दाखवायचा पण मारायचा नाही, आणि समोरच्याला हळूहळू त्याच्या डाव्या हाताकडे ढकलत न्यायचं. तिथे त्याला स्टिक उलटी करावी लागते, आणि आपली सपाट बाजू नेमकी त्याच कडेला तयार असते. एवढं करूनही चेंडू मिळेलच असं नाही. पण तोवर चार-पाच सेकंद गेलेले असतात, आणि तेवढ्यात आपले दोन हाफ मागे पोचलेले असतात. डीत शिरल्यावर तर आणखी जपायचं. तिथे पायाला लागलेला चेंडू म्हणजे पेनल्टी कॉर्नर. आणि 23 मीटरच्या रेषेच्या आत जाणूनबुजून अडवलं तरी तोच दंड. तरुण खेळाडूला हे धीराचं काम पटवणं सर्वांत अवघड. त्याला वाटतं, आपण काहीच केलं नाही. त्याला सामन्यानंतर बाजूला घेऊन सांगावं लागतं, की तू काही केलं नाहीस म्हणूनच आपण वाचलो.

5. चेंडू आपल्याकडे असणं हाच सर्वांत मोठा बचाव. आपल्या देशातल्या खेळाला चेंडू स्टिकला चिकटवून नाचवायची हौस पहिल्यापासून आहे, आणि सिंथेटिक टर्फ आल्यापासून, म्हणजे 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून, त्या हौसेवर टीकाही पुष्कळ झाली : पास लवकर द्या, चेंडू पळवा, माणूस पळवू नका. अकरा असताना ते खरंच आहे. पण दहा असताना जो गडी चेंडू घेऊन दहा सेकंद उभा राहू शकतो, अंगानं झाकू शकतो, एकाला चकवून पुन्हा मागे वळू शकतो, तो बाकीच्या आठ जणांना श्वास घ्यायला वेळ देत असतो. तेव्हा कर्णधाराच्या हातात कसब असावं लागतं ते गोल मारण्यासाठी कमी, आणि चेंडू मागायचं धाडस व्हावं म्हणून जास्त. दबावात सगळ्यांनाच चेंडू नकोसा होतो. फुल बॅक मान वर करून बघतो आणि प्रत्येक जण कुणाच्या तरी आड लपलेला असतो. त्या वेळी मोकळ्या जागेत येऊन "मला दे" म्हणणारा एक जण लागतो. आमच्याकडच्या तांबड्या मातीवर चेंडू सरळ येईल याची खात्री नसायची, पावसानंतर तर नाहीच. तरी मागायचा. कर्णधार मागतो हे दिसलं की दुसरा मागतो, मग तिसरा. धैर्य एकाकडून दुसऱ्याकडे असं जाताना मी पाहिलं आहे, आणि त्यापुढे मैदानावरचं कुठलंही भाषण मला फिकं वाटतं.

6. सगळे मागे आले तर बचाव होत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. एक गडी कमी आहे, मग पुढे माणूस कशाला ठेवायचा? पण पुढे कुणीच नसलं की समोरचे दोन्ही फुल बॅक बिनघोर वर येतात, आणि मधली दाटी आपलीच कोंडी करते. मध्यरेषेवर एकटा फॉरवर्ड उभा राहिला तर तो त्यांचे दोघे अडकवून ठेवतो. 4 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात ग्रेट ब्रिटनविरुद्ध 17व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं. नियमित वेळेतली चाळीसहून अधिक मिनिटं भारताला दहा जणांनीच काढायची होती. आमच्याकडे तो सामना लोकांनी उभ्यानं बघितला. माझ्या मनात सर्वांत खोल रुतलंय ते 22वं मिनिट. दहा जणांच्या संघानं पुढे जाऊन पेनल्टी कॉर्नर मिळवला आणि कर्णधार हरमनप्रीत सिंगनं त्यावर गोल केला. पाच मिनिटांनी ली मॉर्टननं बरोबरी साधली, आणि पुढचं सगळं झुंजणं 1-1 वरच झालं. तो एक गोल नसता तर त्या झुंजीला काही अर्थ उरला नसता. मागे हटतानाही पुढचं दार किलकिलं ठेवायचं, ही हिंमत मला गोलपेक्षाही मोठी वाटली.

7. ज्या क्षणाची सर्वांत जास्त भीती, त्या क्षणी आपण कमी नसतो. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरेषेमागे गोलकीपर धरून जास्तीत जास्त पाचच जण उभे राहू शकतात. बाकीच्यांनी मध्यरेषेपलीकडे जायचं. संघात अकरा असोत वा दहा, तिथले पाच ते पाचच. कमी पडतो तो लांब, मध्यरेषेवर. आमच्या एका घाबरलेल्या संघाला हे मी चेंडू आत येण्याआधी सांगितलं, तेव्हा पोरांचे चेहरे बदललेले मला अजून आठवतात. अर्थात बाहेर गेलेला कोण आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. रोहिदास हा भारताचा पहिला धावणारा, म्हणजे चेंडू आत येताच फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर जाणारा. ते काम आयत्या वेळी दुसऱ्यांनी अंगावर घेतलं. इथे कर्णधाराची परीक्षा कार्डाच्या दिवशी नसते, आधीच्या कित्येक महिन्यांत असते. पहिला धावणारा नसेल तर कोण धावणार, तोही नसेल तर कोण, हे सरावात ठरलेलं असावं लागतं. सरावात दुसऱ्याची जागा खेळायला पोरं कुरकुरतात. मी आजही त्यांना ते करायला लावतो.

8. सर्वांत चांगलं दिसतं ते गोलमधून. मी सेंटर हाफ होतो, म्हणजे खेळाच्या ऐन मध्यावर, आणि कर्णधाराची जागा हीच असं पुष्कळ काळ धरून चाललो होतो. दहा जणांच्या खेळात मात्र मला समोर जेवढं दिसायचं, त्याच्या कितीतरी पट माझ्या पाठीमागे घडायचं. आमचा गोलकीपर स्वभावानं अबोल. पण एक जण कमी झाला की त्याचा आवाज सुटायचा : डावीकडे मोकळा आहे, मधे ये, सोड त्याला. त्या वेळी पट्टी माझ्या दंडावर असली तरी संघ तोच चालवायचा, आणि मी त्याचं ऐकायचो. शंकर लक्ष्मण 1966 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताचे कर्णधार होते, आणि त्या वर्षी भारतानं त्या स्पर्धेतलं हॉकीचं आपलं पहिलं सुवर्ण मिळवलं. गोलकीपरला कर्णधार करणं तेव्हा नवलाचं होतं. मला आता त्यात नवल वाटत नाही. पॅरिसमध्येही सामना शूटआऊटमध्ये 4-2 असा जिंकला तो गोलकीपर पी. आर. श्रीजेशच्या भरवशावर, आणि त्याच्या दंडावर तेव्हा पट्टी नव्हती. अडचणीच्या वेळी नेतृत्व ज्याला दिसतं त्याच्याकडे जातं. कर्णधारानं त्याला वाट करून द्यायची. हे देताना मला आधी थोडं जड गेलं, नंतर मोकळं वाटलं.

9. बाहेर बसलेलाही संघातच असतो. नियमानुसार आपल्या खेळाडूंच्या वागण्याची जबाबदारी कर्णधारावर असते. ती न पाळणाऱ्या कर्णधारालाही कार्ड मिळू शकतं. मला ही तरतूद फार शहाणी वाटते. कार्ड मिळालेला खुर्चीवर जाऊन बसतो तेव्हा त्याची मान खाली असते, किंवा तो पंचांकडे रागानं बघत असतो. दोन्ही वाईटच. त्याच्या बाजूनं जाता जाता मी त्याला काम देत असे : "त्यांचा लेफ्ट आऊट बघत राहा. परत आल्यावर मला सांग, तो आत वळतो की बाहेर." काम मिळालं की माणूस सामन्यात राहतो. पंचांशी बोलायचं ते एकट्यानं, थोडक्यात आणि "सर" म्हणून. निर्णय बदलत नाही, पण पुढच्या निर्णयाच्या वेळी त्यांना आपला चेहरा आठवतो. आणि सर्वांत सावध राहायचं ते तो परत येतो तेव्हा. शिक्षेची मिनिटं संघ जिवाच्या आकांतानं काढतो. अकरावा आत आला की सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं एकदम उतरतं, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी आपला माणूस मोकळा सोडतो. त्याच्या येण्याचा आनंद दोन मिनिटं पुढे ढकला, असं मी ओरडून सांगत असे. रोहिदासला तर पुढचा जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामनाही खेळता आला नाही, आणि भारत तो 3-2 असा हरला. कार्डानंतर चार दिवसांनी, 8 ऑगस्टला, स्पेनला 2-1 हरवून कांस्यपदक मिळालं तेव्हा तो पुन्हा संघात होता. ज्याच्यामुळे दहा व्हावं लागलं, त्याला पुन्हा अकरावा म्हणून मनापासून सामावून घेणं ही त्या संघाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

10. दहा जण असताना जे शहाणपण येतं ते अकरा झाले की विसरायला होतं. माणूस पुरेसा आहे म्हटलं की आपण सगळीकडे धावायला लागतो, सगळं राखायला बघतो, हाका कमी होतात, गोलकीपरचं कुणी ऐकत नाही. म्हणून मी आता शिकवताना सरावाच्या सामन्यात न सांगता मधेच शिट्टी वाजवतो आणि एका संघातला एक गडी बाहेर काढतो. बहुतेकदा चांगलाच काढतो. मग काही बोलत नाही, बघत राहतो. काही पोरं माझ्याकडे बघतात, काही वैतागतात, काही दुप्पट धावायला लागतात. एखादी पोरगी मात्र थांबते, चारी बाजूंना नजर टाकते आणि ओरडते : "उजवी कड सोडा, मधे या." तिचं म्हणणं दर वेळी बरोबर असतं असंही नाही. पण काहीतरी सोडावं लागणार हे तिला कळलेलं असतं, आणि ते नऊ जणांना सांगायची जबाबदारी तिनं कुणी न सांगता घेतलेली असते. पुढच्या सामन्याला पट्टी मी तिच्या दंडावर बांधतो.